गफ्फारभाईंची दुसरी जबानी

मारेगावात करंजी रोडला, बस स्टँडच्या थोडं पुढं, टिनाच्या शेडमध्ये गफ्फारभाईंचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. शेडच्या बल्लीला फवारणीचे जुने पंप टांगलेले असतात, तीच पाटी. त्यांचे वडील मुकुटबनहून इथं आले तेव्हा स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करत. पुढं गावोगाव वीज आली, बत्त्या गेल्या, आणि गफ्फारभाईंनी पंपावर हात बसवला. टाकी, पट्टे, नोझल, वायसर. पंप बिघडला की आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांतली माणसं त्यांच्याकडंच यायची. दुकानात नवा माल कमी आणि बोलणं जास्त, असा माणूस. हसायचे खूप.

मी तिथल्या शाळेत मास्तरीण. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्याकडं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. कीटकनाशक फवारता फवारता माणसं पडू लागली. कुणाला चक्कर, कुणाला ओकाऱ्या, कुणाच्या डोळ्यांपुढं अंधार. यवतमाळच्या दवाखान्यातून रोज कुणाची ना कुणाची खबर यायची. मग चौकशीला माणसं येऊ लागली. काही वकील या कुटुंबांच्या बाजूनं काम करत होते. त्यांना डोळ्यांनी पाहिलेल्यांचं सांगणं हवं होतं, ज्याच्या त्याच्या शब्दांत. माझं अक्षर बरं आहे आणि इकडची बोली मला येते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ते काम मी घेतलं. एकोणतीस जबान्या लिहिल्या. त्यांतली अकरावी गफ्फारभाईंची.

ती अजून माझ्याकडं आहे. दुकानातल्या लाकडी पेटीवर बसून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, ते असं:

"दोन वाजले होते. घड्याळ म्या पायलं, काहून का उकंडानं मले एक वाजता बलावलं होतं अन् मले उशीर झालता. त्याच्या विहिरीवरची मोटर पानी उचलत नोती. आमी दोघं विहिरीपाशी उभे. देवीलाल वावरात फवारून राह्यला होता, पन मानूस दिसत नोता. पऱ्हाटीच्या वर नोझलची नळी तेवढी दिसे. इकडून तिकडं, तिकडून इकडं. अन् वर धुकं. ते धुकं खाली त्याच्याच अंगावर येऊन राह्यलं होतं. मंग नळी थांबली. मले वाटलं, पानी प्याले बसला असन. उकंडा मोटरचं सांगून राह्यला होता, म्या ऐकून राह्यलो होतो. मंग ओकारीचा आवाज आला. आमी आत घुसलो. देवीलाल खाली बसला होता, पंप पाठीवरच. तोंडाले फेस. डोयातली बाहुली मोहरीएवढी झालती. म्हने, भाई, दिसून नाई राह्यलं. आमी पंप काढला."

इथं गफ्फारभाई थांबले, शेजारची बाटली उचलून पाणी प्यायले.

"मंग गाडीवर घेतला. गाडी उकंडानं चालवली. मंधात देवीलाल, मागं मी. दोनी हातानं त्याले असा छातीशी धरला. मारेगावच्या दवाखान्यातून यवतमाळले नेला. तिसऱ्या दिवशी गेला."

देवीलाल बंजारा समाजाचा, मारेगावपासून सात-आठ किलोमीटरवरच्या तांड्यातला. स्वतःचा बॅटरीचा पंप घेऊन तो लोकांच्या शेतात फवारणी करायचा; त्या दिवशीचं वावर उकंडाचं होतं. वय चौतीस. मागं आई मानीबाई, बायको बिजलीबाई आणि आठवीतली मुलगी जया. जया माझ्याच वर्गात होती.

मला गफ्फारभाईंची जबानी सगळ्यांत चांगली वाटली होती. वेळ होती, जागा होती, जे पाहिलं तेवढंच होतं. त्या हिवाळ्यात त्यांनी हीच हकीकत पोलिसांना सांगितली, पेपरवाल्यांना सांगितली, मुंबईहून आलेल्या एका पथकाला सांगितली, दोन टीव्हीवाल्यांना सांगितली. चार वेळा तर मीच सोबत होते. शब्दाला शब्द तोच. आणि दर वेळी "आमी पंप काढला" म्हटलं की ते पाणी प्यायचे. मी ते पाहिलं होतं. घसा सुकत असेल, एवढंच मला वाटलं. ज्याला लिहून घ्यायचं काम दिलंय त्यानं तिथं थांबून एक प्रश्न विचारायला हवा होता. मी विचारला नाही.

पुढल्या जूनमध्ये गावात गफ्फारभाईंची चर्चा सुरू झाली. दुरुस्तीला आलेला पंप ते आता तसाच परत देत नव्हते. आधी टाकीत साधं पाणी भरायचे, धुतलेला पांढरा शर्ट घालायचे, पंप स्वतःच्या पाठीला बांधायचे आणि भर रस्त्यानं पंचायत समितीच्या फाटकापर्यंत जाऊन यायचे. मधेमधे वाकायचे, उजवीकडं झुकायचे, डावीकडं झुकायचे. परत आले की शर्ट काढून उन्हात धरायचे आणि पाठीचा भाग बोटांनी चाचपून पाहायचे. एक थेंब दिसला तरी पंप पुन्हा उघडायचे. गिऱ्हाईक खोळंबायचं. साठीच्या माणसानं सोळा लिटर पाणी पाठीवर घेऊन दिवसातून आठ-दहा खेपा मारायच्या, हे पाहून लोक आधी हसले. मग म्हणू लागले, गफ्फारभाईचं डोकं फिरलं. काही जण वणीला पंप नेऊ लागले.

मी एकदा विचारलं, "हे काय नवीन?"

"कंपनीवाले नाई करत का टेस्टिंग? तसंच," म्हणाले. पण हसले नाहीत.

थोड्याच दिवसांनी त्यांची बायको आयशाबी शाळेत आली. बुरखा सावरत ती स्टाफरूमच्या दाराशीच उभी राहिली. मी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली. ती टोकावर बसली.

"सत्यशीला मॅडम, एक बात पुछनी थी," ती म्हणाली. मग मराठीवर आली. "तुमी ह्यांच्याकडून ते लिहून घेतलं होतं ना, त्यात काय काय हाये?"

मी जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं.

"त्यात काही असं हाये का, का मानसाची झोपच जाईन?"

"का? काय झालं?"

ती सांगू लागली. रोज दुपारी दोनच्या सुमाराला गफ्फारभाई दुकानाचं फाटक ओढून घरी येतात. गिऱ्हाईक समोर असलं तरी. येऊन पलंगावर बसतात आणि छातीवर हात फिरवतात. शर्ट ओला झाला, म्हणतात. ती हात लावून पाहते तर कोरडा ठणठणीत. तरी ते शर्ट काढून तिला देतात, धुवायला. कधी दिवसात दोन शर्ट. आता तर ते मोटारसायकलवर कुणाच्या मागं बसत नाहीत. जावई घ्यायला आला तर पायी निघाले. परवा जेवताना त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, कुनी ओकून राह्यलं का? अंगणात शेळीसुद्धा नव्हती.

"डॉक्टरले दाखवलं," आयशाबी म्हणाली. "गोळी देली. गोळीनं झोप येते, पन रातच्याबी दोन वाजता उठतेच."

मी गफ्फारभाईंशी बोलते म्हटलं. पण मी जायच्या आधी तेच आले. पोळ्याच्या आदल्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळी. हातात जबानीची झेरॉक्स होती, घडी पडून पडून मऊ झालेली. वर्ग रिकामा होता. ते मुलांच्या बाकावर बसले, कागद उलगडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, इथं काही लिहाचं राह्यलं."

बोटाखाली शब्द होते, आमी पंप काढला.

"काय राहिलं?"

"झाकनाजवळून गळून राह्यला होता. म्या पायलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मी वही उघडली नाही, नुसतं ऐकलं.

त्या दिवसाच्या तीन दिवस आधी देवीलाल पंप घेऊन दुकानात आला होता. टाकीच्या झाकणाखालचा रबरी वायसर, म्हणजे वॉशर, फाटला होता. तसला वायसर दुकानात नव्हता. वणीहून मागवावा लागणार होता. गफ्फारभाई म्हणाले, पंप ठेवून जा, दोन दिवसांनी ने. देवीलालनं रोज एकेका वावराला शब्द दिला होता, उकंडालाही. तो म्हणाला, भाई, काही तरी जुगाड करा. तेव्हा गफ्फारभाईंनी ट्रकच्या ट्यूबमधून एक कडं कापलं आणि झाकणाखाली बसवलं. घट्ट बसलं. देवीलाल खूश झाला. जाताना म्हणाला, नव्यापेक्षा हेच बरं हाये.

"मले माहीत होतं मॅडम. ट्यूबचं रबर दवाईत फुगते. एक-दोन दिवस चालते, मंग ढिलं पडते. म्या त्याले म्हनलं, दोनच दिवस चालव, परवा येऊन खरा वायसर बसवून घे. थो हो म्हने. आला नाई."

"मग तुमचा काय दोष?"

"वायसर दुसऱ्या दिवशीच आलता. ड्रावरमध्ये होता. तिसऱ्या दिवशी म्या उकंडाच्या वावरात गेलो, तवा मले माहीत होतं का देवीलाल तिथंच फवारून राह्यला. वायसर खिशात टाकून नेता आला असता. म्या मोटरचा पाना घेतला, टेस्टर घेतला. वायसर नाई घेतला. याद नाई राह्यली."

बाहेर शिपाई खिडक्या लावत होता. एक खिडकी नीट बसेना, तो ती आपटत राहिला. गफ्फारभाईंनी कागदाची पुन्हा घडी घातली.

"गाडीवर म्या त्याले छातीशी धरलं होतं. त्याची पाठ माया छातीले. मारेगाव येईतोवर मायी छाती ओली चिंब. तो ओलावा मले अजून लागते."

मला एक गोष्ट आठवली. उकंडाची जबानीही मीच लिहिली होती. ती पिशवीत होती. मी काढून वाचून दाखवली. त्यात उकंडानं सांगितलं होतं, "गाडीवर बसवाच्या आधी म्या विहिरीवरची बादली आनून त्याच्या अंगावर पानी ओतलं."

"बघा," मी म्हटलं, "पाणीच असेल ते. आणि अशा रोग्याला घामही फार येतो, डॉक्टर सांगत होते. घामानं भिजला असेल."

 "बादली मले याद नाई," म्हणाले. "म्या तिथंच होतो. त्याचं डोकं मायाच हातात होतं. बादली असती तर मीबी भिजलो असतो का नाई?"

मी दुसऱ्या दिवशी उकंडाला गाठलं. तो आधी ठाम होता, बादली ओतली. मी पुन्हा विचारलं, कुठून ओतली, डोक्यावरून की पायावर? तो गोंधळला. म्हणाला, "तोंडावर मारलं असन. नाई, ओतलंच. का नुसती आनली अन् तशीच ठेवली? मॅडम, आता ते मले सांगता नाई येत." एका वावरात, एका वेळी, दोन माणसं एका माणसाशेजारी उभी होती. वर्षही पुरतं झालं नव्हतं, आणि मधे एक बादली होती की नव्हती हे ठरत नव्हतं.

पंप मात्र होता. झाकणाखालचं रबर किती ढिलं पडलं ते पाहून ओलावा कशाचा होता याचा अंदाज आला असता. तो वावरातून तांड्यात गेला होता, बिजलीबाईकडं. देवीलाल गेल्यापासून गफ्फारभाई तांड्याकडं फिरकले नव्हते. मी म्हटलं, रविवारी जाऊ. ते नाही म्हणाले नाहीत. मी स्कूटर काढली, पण ते बसले नाहीत. म्हणून आम्ही वणीच्या बसनं फाट्यापर्यंत गेलो आणि पुढं चाललो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी होती, त्या वर्षी कमरेएवढीच. तरी गफ्फारभाई रस्त्याच्या बरोबर मधून चालत होते.

बिजलीबाई ओट्यावर तूर निवडत होती. मानीबाई आत खाटेवर पडून होती. जया दारात आली आणि मला पाहून पाणी आणायला आत पळाली. गफ्फारभाई उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी जे मला सांगितलं होतं ते सगळं बिजलीबाईला सांगितलं. ट्यूब, वायसर, ड्रावर. ती सुपातली तूर इकडून तिकडं करत ऐकत होती. हात थांबला नाही.

ते थांबले तेव्हा ती म्हणाली, "पंप नाई हाये."

"कुठं गेला?"

"तेरवी झाल्यावर म्या तो दगडानं फोडला अन् नाल्याच्या पुरात टाकला. घरात वास येऊन राह्यला होता. सासू म्हने, जयाच्या हाताले लागन."

गफ्फारभाई आता ओट्याच्या कडेला बसले. 

बिजलीबाईनं सूप बाजूला ठेवलं. "तुमी सांगतलं, आता मीबी सांगतो," ती म्हणाली. इकडं बायाही कधी कधी असंच बोलतात. "त्या दिवशी सकाळी ते उठले तवा डोये लाल होते. कालपासून आग होऊन राह्यली म्हने. आज जात नाई. तांड्यात त्या दिवशी पत्त्याचा डाव होता. मले वाटलं, पत्ते खेळाले बहाना करून राह्यले. म्या म्हनलं, उकंडाले हो म्हनलं ना, मंग जा. उद्या झोपजा दिवसभर. त्यायनं पंप उचलला अन् गेले."

आत मानीबाई खोकली. बिजलीबाईनं आवाज खाली आणला.

"पोलीस आले, मॅडम आल्या, टीव्हीवाले आले. समद्यायनं इचारलं, तब्येत चांगली होती का? म्या सांगतलं, चांगली होती, खुशीनं गेले."

मी जे तिच्या नावावर लिहिलं होतं तेही हेच. विसावी जबानी. खुशीनं गेले.

गफ्फारभाई म्हणाले, "बाई, तुमची गलती नोती ती."

"तुमची होती?"

त्यांनी ओट्यावर सांडलेले तुरीचे दाणे उचलून सुपात टाकले.

"तुमचं तुमच्यापाशी ठेवा, गफ्फारभाई," ती म्हणाली. रागानं नाही. भाव सांगावा तशी. "मायं मले पुरते."

जयानं पाणी आणलं. आम्ही प्यायलो. निघताना बिजलीबाई ओट्यावरून उतरली आणि फाट्याकडच्या रस्त्यापर्यंत आमच्याबरोबर आली. तिथं तिनं गफ्फारभाईंना विचारलं, "तुमी पांढरा शर्ट घालून पंप पाहता म्हनतात, ते खरं हाये का?"

"हो."

"तांड्यात सतरा पंप हायेत. आता फवारणी सुरू हाये. मारेगावले कोनी आनत नाई, टाइम जाते म्हनतात. तुमीच येऊन पाहून जा."

पुढच्या रविवारी ते गेले. वायसरांची पिशवी, पाना, आणि चार पांढरे शर्ट. दिवसभरात सतराच्या सतरा पंप पाठीवर घेऊन तांड्याभोवती फिरले. सहा पंप गळके निघाले. दोन वाजता काय झालं ते मला माहीत नाही. मी सोबत नव्हते आणि मी विचारलं नाही.

त्यांनी माझ्याकडून दुसरी जबानी लिहून घेतली. पहिलीतली एकही ओळ बदलायची नाही, फक्त जे राहिलं ते घालायचं, असं त्यांनी बजावलं. वकिलांना मी फोन केला. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, हे आता कागदावर आणलं तर समोरचा, म्हणजे औषध कंपनी, म्हणेल, दोष पंपाचा होता, औषधाचा नव्हता. कुटुंबाचंच नुकसान होईल. मी हे गफ्फारभाईंना सांगितलं. ते दोन दिवस विचारात होते. मग तांड्यात जाऊन त्यांनी बिजलीबाईला विचारलं. ती म्हणाली, "पाठवा. मायंबी पाठवा." म्हणून मी दोन कागद लिहिले, एकावर गफ्फारभाईंची सही, दुसऱ्यावर बिजलीबाईचा अंगठा, आणि गफ्फारभाईंनी ते स्वतः पोस्टात जाऊन वकिलांच्या नावानं रजिस्टर केले. पोचपावती आली. पुढं काही आलं नाही. कुणी बोलावलं नाही, कुणी उलटतपासणी घेतली नाही. त्या दोन कागदांनी कुणाचं भलं झालं की नुकसान, हे मला आजही सांगता येत नाही.

आयशाबी अधूनमधून बाजारात भेटते. दुपारचं फाटक अजून ओढलं जातं, म्हणते. शर्ट मात्र आता ते स्वतः धुतात.

दर वर्षी जुलै लागला की गफ्फारभाई दोन दिवस तांड्यात असतात. गेल्या वर्षी मीही गेले होते. जया आता विशी ओलांडलेली, तिचं लग्न झालंय, जावई घरीच राहतो, शाम नाव, कामाचा पोरगा आहे. त्यानं नवा पंप घेतला होता. गफ्फारभाईंनी तो पाठीवर घेतला, तांड्याला एक फेरी मारली, शर्ट काढून पाहिला आणि पंप बाजूला ठेवला.

"नवा हाये," शाम म्हणाला.

"झाकन गळते."

"एक थेंब हाये, काका. मी आज एका वावराले हो म्हनून आलो."

गफ्फारभाईंनी पिशवी उपसली. त्या नव्या झाकणाचा वायसर त्यांच्याकडं नव्हता. "परवा आनून देतो," म्हणाले.

शामनं पंप उचलला. बिजलीबाई ओट्यावर होती. तिनं हाक मारली नाही, नुसती खाली उतरली, जावयाच्या हातातून पंप घेतला आणि आत नेऊन ठेवला. मग बाहेर येऊन म्हणाली, "त्यायले फोन करा. आज जमत नाई म्हना."

 शामनं खिशातून मोबाइल काढला आणि नेटवर्क मिळावं म्हणून लिंबाच्या पलीकडच्या उंचवट्यावर गेला.

गफ्फारभाईंनी पुढचा पंप भरायला घेतला.